उडत्या हत्तीची रांग

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला, की मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सकाळपासूनच घरंच्या घरं निघालेली दिसतात. शाळांना नाताळची सुट्टी असते, आईवडिलांच्या उरलेल्या रजा याच दिवसांत बसवलेल्या असतात, हवाही गोड असते. काही गाड्या लोणावळ्याचा घाट चढतात, काही खोपोलीला उतरून पालीच्या रस्त्याला लागतात. एकेकाळी खोपोली ओळखली जायची ती टाटांच्या वीजकेंद्रामुळे. १९१५ साली घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी इथे उतरलं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. मागच्या सीटवरच्या मुलांना मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने पाठ आहे. २०१३ साली सह्याद्रीच्या पायथ्याशी इमॅजिका हे करमणुकीचं उद्यान सुरू झालं आणि सुट्टीच्या दिवशी या रस्त्याला गर्दी ठरलेली झाली.

त्या गर्दीत प्रत्येक घराच्या पाळण्यांच्या दोन याद्या असतात. मोठ्यांची यादी आदल्या रात्रीच तयार होते: आधी नायट्रो, मग डायनासोरची बोट, जेवणाच्या आधी मिस्टर इंडिया, ऊन उतरलं की स्क्रीम मशीन. चार वर्षांच्या मुलीच्या यादीत एकच नाव असतं. तिला टबी हत्तीत बसायचं असतं. हा हत्ती खांबाभोवती गोल फिरतो, वर जातो, खाली येतो. फेरी संपली की ती उतरते आणि म्हणते, ‘परत.’ एवढ्या मोठ्या उद्यानात तिला त्या दिवसापुरतं जे हवं होतं ते मिळालेलं असतं. दिवसभराची बहुतेक रडारड, ओढाताण आणि दमणूक या दोन याद्यांच्या भांडणातून होते.

लहान मुलांच्या करमणुकीत हत्ती फार जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथे १९५५च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं आणि महिन्याभरात तिथे डम्बो हत्ती उडू लागला. दिल्लीत १९८२च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह होतं अप्पू नावाचं हत्तीचं पिल्लू. त्याचंच नाव घेऊन १९८४च्या नोव्हेंबरात प्रगती मैदानावर अप्पू घर उभं राहिलं. देशात अशा प्रकारच्या उद्यानांची चाहूल तिथून लागली. पाच वर्षांनी, १९८९ साली, मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. मार्व्याहून किंवा बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसायचं, खाडी ओलांडायची आणि पलीकडे उतरायचं. कितीतरी मुलांना त्या बोटीचीच सफर पहिल्या पाळण्याइतकी लक्षात राहिली. आज चाळिशीत असलेले आईबाप त्याच बोटीतून गेलेली मुलं आहेत. म्हणून आपल्या मुलांना घेऊन ते इतक्या उत्साहाने निघतात.

पण गर्दी दोघांना एकसारखी दिसत नाही. तीन वर्षांचं मूल साधारण पंच्याण्णव सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे तीन फुटांच्या जरा वर. त्याचे डोळे मोठ्या माणसाच्या कमरेच्या खाली येतात. मोठ्यांना समोर कमान, किल्ला आणि डोंगराची रेघ दिसते, तेव्हा त्याला पट्टे, पिशव्या आणि गुडघे दिसतात. वारा त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि तापलेल्या फरशीची धग त्यालाच जवळून लागते. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो आणि त्याला घामही कमी येतो, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता रांगेतलं मूल किरकिरायला लागतं, तेव्हा त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचं शरीर खरं तेच सांगत असतं. बाप त्याला खांद्यावर घेतो, त्याला अचानक सगळं उद्यान दिसतं आणि पुढची पाच-दहा मिनिटं रडणं थांबतं.

मोठ्या पाळण्यांपाशी उंची मोजायची पट्टी असते. अंगाला घट्ट धरणाऱ्या रोलर कोस्टरला बहुतेक ठिकाणी चार ते साडेचार फूट उंची लागते. खांद्यावरून येणारा दांडा मोठ्या शरीराच्या मापाने बनवलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकतं. म्हणून ही पट्टी कितीही नावडती असली तरी तिथे तडजोड नाही. तरीही सुट्टीच्या आठवड्यात त्या पट्टीखाली रोज रडू कोसळतं, कारण आपण पात्र नाही हे मुलाला तासभर रांगेत उभं राहिल्यावर कळतं. टाचा उंच करून उभी राहणारी सहा वर्षांची मुलगी, तिचे केस थोडे फुगवून देणारी आत्या आणि नम्रपणे नकार देणारा तरुण कर्मचारी, तिघांचीही त्या क्षणी परीक्षा असते. घरी दाराच्या चौकटीवर उंची मोजून, कुठल्या पाळण्यात बसायचं आणि कुठल्या नाही हे आधीच बोलून निघालेलं मूल त्या पट्टीपाशी कोसळत नाही.

रांगेचं गणित तसं सरळ आहे. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम त्याच्या मुळाशी आहे. समोर किती माणसं आहेत आणि तासाला किती बसतात, एवढं कळलं की थांबायचा वेळ निघतो. समजा, गाडीत चोवीस जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला सातशेवीस माणसं बसली. पुढे तीनशेसाठ जण असतील तर अर्धा तास. पण लहानांच्या पाळण्यांत जागाच कमी असतात. तिथे प्रत्येक मुलाला उचलून बसवायचं असतं, पट्टा लावायचा असतो, घाबरलेल्याला समजवायचं असतं, आणि फेरी संपल्यावर ‘परत’ म्हणणाऱ्याला उतरवायचंही असतं. दोन फेऱ्यांमधला वेळ फेरीइतकाच लांबतो. म्हणून होतं असं, की ज्यांना थांबणं सगळ्यात अवघड जातं त्यांच्याच पाळण्याची रांग सगळ्यात सावकाश सरकते.

थांबण्याचं मनाशीही एक गणित असतं. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. हाताला काही काम असलं तर वेळ लवकर सरतो, किती थांबायचं ते ठाऊक असलं तर तोच वेळ छोटा वाटतो आणि सोबत असली तर एकट्यापेक्षा सोपा जातो, असं त्यात मांडलं आहे. आपल्या आज्यांनी तो लेख वाचलेला नव्हता. तरी रांगेत अंताक्षरी लावणं, उखाणे घालणं, समोरच्या माणसाच्या टोपीवरून गोष्ट रचणं हे त्या करत आल्या. चार वर्षांच्या मुलाला ‘अजून वीस मिनिटं’ कळत नाही. ‘त्या लाल खांबापाशी पोचलो की मग वळण, मग हत्ती’ हे कळतं.

उद्यानाने मनावर घेतलं तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण पुन्हा त्या उडत्या हत्तीचंच आहे. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये डम्बोची रांग वर्षानुवर्षं लहान मुलांना रडवत होती. २०१२ साली तिथे एकाच्या जागी दोन पाळणे केले गेले, सोळा-सोळा हत्तींचे. त्याहून मोठा बदल रांगेत झाला. सर्कशीचा तंबू उभारून त्यात घसरगुंड्या आणि चढायच्या जागा केल्या. घराच्या हातात एक पेजर द्यायचा, मुलांनी आत खेळायचं, आईवडिलांनी बसायचं, आणि पाळी आली की पेजर वाजायचा. कितीतरी मुलांना त्या तंबूतून बाहेर यायचंच नसे. थांबण्याचा वेळ कमी झाला नसेल तेव्हाही तो खेळण्याचा वेळ झाला होता.

वॉल्ट डिस्ने यांनी पुढे अनेकदा सांगितलेली एक आठवण इथे मोलाची वाटते. शनिवारी ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या लाकडी घोड्यांच्या पाळण्यावर घेऊन जात. मुली फिरत असत आणि ते बाकावर बसून शेंगा खात. आईबाप आणि मुलं दोघांनाही रमता येईल अशी जागा असायला हवी, हा विचार त्या बाकावर सुचला. आणि डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशी, १७ जुलै १९५५ रोजी, गर्दीने त्या विचाराची कसोटी पाहिली. खोटी आमंत्रणपत्रं निघाली होती, अपेक्षेपेक्षा हजारो लोक जास्त आले, कडक उन्हात ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. डिस्ने आणि त्यांच्या माणसांनी त्यानंतर सावली, पाणी, स्वच्छतागृहं आणि गर्दीचं वळण यांवर वर्षानुवर्षं काम केलं.

तिकिटाचाही या दमणुकीत वाटा आहे. डिस्नेलँडमध्ये १९८२पर्यंत पाळण्यागणिक कुपनं फाडली जात. नंतर एकाच तिकिटात सगळं आलं. आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांतही बहुतेक हीच पद्धत आहे. चौघांच्या घराला तिकीट, पेट्रोल, टोल आणि आतलं जेवण मिळून मोठी रक्कम लागते. ती भरल्यावर एकही पाळणा सुटू नये असं वाटणं स्वाभाविक आहे. महिन्याच्या पगारातून जपून बाजूला काढलेले ते पैसे असतात. पण ‘वसूल’ हा शब्द एकदा मनात शिरला, की झोपेला आलेल्या मुलाला उठवून आठव्या पाळण्याकडे नेलं जातं. शेजारून जादा पैशांच्या तिकिटाची जलद रांग पुढे सरकत असते. ‘ते आपल्या आधी का?’ असं मूल विचारतं. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ साली रांग टाळण्याची सोय आली तेव्हा ती फुकट होती. २०२१ साली तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. पाच वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचं खरं उत्तर देताना आईबापांची जीभ जड होते.

गर्दीत लहान मूल सांभाळणं मराठी घराला नवं नाही. माहीमची डिसेंबरातली जत्रा, वांद्र्याला सप्टेंबरात भरणारी माउंट मेरीची जत्रा, आंगणेवाडीची जत्रा, गावोगावच्या उरुसातले रहाटपाळणे, सगळीकडे मुलं खांद्यावर बसूनच आली. तिथे दाराशी तिकीट नव्हतं. एक पाळणा, एक पिपाणी, थोडी भजी, आणि मूल पेंगुळलं की घरचा रस्ता. जत्रेत किती पाळण्यांत बसलो याचा हिशोब घरी कुणी विचारत नसे. मुलाच्या पेंगण्यावर दिवस संपवायची ती जुनी सवय तिकिटाच्या उद्यानातही नेता येते, आणि सुट्टीच्या आठवड्यात तर न्यायलाच हवी.

ज्या घरांना हे साधलं आहे त्यांचा दिवस वेगळा दिसतो. दार उघडायच्या आधी ती गाडीतळावर असतात. अनेक उद्यानांत घरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून दशम्या आणि ठेपले डिकीवरच उरकतात आणि तान्ह्याचं खाणं तेवढं विचारून आत नेतात. पहिल्या तासाभरात गर्दी मोठ्या रोलर कोस्टरकडे धावते, तेव्हा ही घरं उलट्या दिशेने हत्तीकडे जातात. रांग नसताना हत्ती तीनदा मिळतो. दुपारचं ऊन आतल्या, गार, अंधाऱ्या खेळात काढायचं. मूल झोपलं तर झोपू द्यायचं. मुलाच्या मनगटावर फोन नंबर, आणि चुकलंच तर कुणाला हाक मारायची ते ओळखता यावं म्हणून कर्मचाऱ्यांचा गणवेश सकाळीच बोट दाखवून शिकवलेला. मोठ्यांनाही थरार हवाच असतो. मग आई नायट्रोला जाते तेव्हा बाबा मुलांपाशी, आणि नंतर बाबा जातात तेव्हा आई. डिस्नेच्या उद्यानांत अशा आईवडिलांपैकी दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही साधी सोय प्रत्येक उद्यानाने द्यावी अशी आहे.

आणि आजी असते. सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, ओले कपडे आणि नको असलेले स्वेटर घेऊन ती दिवसभर कुठेतरी बसते. ज्याला पाळण्याची भीती वाटली ते नातवंड तिच्याकडे परत येतं आणि दोघं मिळून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या टोप्या मोजतात. तिने पूर्ण तिकीट काढलेलं असतं किंवा ज्येष्ठांच्या सवलतीचं, पण तिच्या वाट्याला येतो कठड्याचा अरुंद काठ.

महाराष्ट्रातल्या उद्यानांकडे डोंगर आहे, पाऊस आहे, कल्पक माणसं आहेत आणि वर्षातून तीनदा, मे, दिवाळी आणि नाताळात, भरभरून येणारी गर्दी आहे. या गर्दीसाठी आणखी एखादा उंच पाळणा आणण्याआधी लहानांच्या रांगांवर छप्पर यावं. त्या रांगेच्या मध्ये खेळायची जागा असावी. किती वेळ लागेल त्याची पाटी मुलालाही समजेल अशा चित्रांत असावी. उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी आणि तिकीटघरापाशीही असावी, म्हणजे नकार तासभर आधी कळेल. दर पन्नास पावलांवर सावलीतला बाक असावा, पाठ टेकता येईल असा. आणि ज्या घरांची मुलं दुपारी तीनलाच पेंगायला लागतात त्यांच्यासाठी सुट्टीच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाचं, अर्ध्या दराचं तिकीट सुरू करावं.