सुई कायनं हालली?

गोंदियाच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. तरीही आमगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी विद्युतधारा आणि चुंबकीय क्षेत्र शिकवलं ते त्याच प्रकाशावरून. माझ्यावरचं ते ऋण मोठं आहे.

सरांनी आधी हकीकत सांगितली. 1741 साली स्वीडनमधल्या उप्सालात हिऑर्टर चुंबकसूचीच्या नोंदी ठेवत होता. आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळला की त्याची सुई जागची हलायची. ''पोट्टेहो, सुई कायनं हालली?''

कोणालाच सांगता येईना. सरांनी होकायंत्र टेबलावर ठेवलं, सुई थांबू दिली. तिच्यावर, तिच्याच दिशेत, तांब्याची तार ताणून धरली आणि टोकं सेलला टेकवली. सुई झटकन आडवी वळली. सेल उलटा केला, तशी ती दुसऱ्या बाजूला गेली. ओर्स्टेडला हे दिसलं 1820 साली. उप्सालानंतर जवळजवळ 80 वर्षांनी.

''पण सर, आभाळात तार कुठं आहे?'' मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. सर खूश झाले. तिथे तारेचं काम हवाच करते, म्हणाले. चुंबकीय रेषांवरून इलेक्ट्रॉन खाली उतरतात, शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकतात आणि हिरवा उजेड पडतो. त्याच थरात लाखो अँपिअरची धारा वाहते. सुई हलते ती धारेमुळे, उजेडामुळे नाही.

मग सर मुंबईला आले. 2 सप्टेंबर 1859 च्या सौरवादळात कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी एवढ्या कोसळल्या की अभ्यासक त्या आजही काढून पाहतात. तिकडे मुख्य धारा पृथ्वीभोवती कडं करून वाहणारी, ध्रुवाकडची नव्हे; हा भेद सरांनी आमच्याकडून घोकून घेतला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला न्यावी लागली, तिथल्या नोंदी 1904 पासूनच्या. धारा ट्रामची असो की आभाळातली, सुईला दोन्ही सारख्याच.

मे 2024 मध्ये लडाखच्या हानलेहून आकाश तांबडं दिसलं, तेव्हा मी सरांना फोन केला. फोटो त्यांनी पाहिले होते. ''ते राहू दे,'' म्हणाले, ''अलिबागची नोंद पाहिलीस का?''

पुढे कॉलेजात मला सूत्रं मिळाली. समज या सरांनी आधीच दिली होती. जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना एवढीच विनंती, हा प्रयोग मुलांच्या हातून करून घ्या. तार मात्र सेलला क्षणभरच टेकवू द्या. ती लगेच तापते.