कोळशाच्या वखारीवरची मैफल

१/ लंडन, १६७८. क्लार्कनवेलचा टॉमस ब्रिटन दिवसा पाठीवर पोते घेऊन गल्लोगल्ली कोळसा विकत हिंडे. गुरुवारी मात्र वखारीवरच्या त्याच्या ठेंगण्या माळ्यावर व्हायोलिनच्या तारा जुळत.

२/ बरोक काळातले असे संगीत एरवी राजवाड्यांत व उमरावांच्या दालनांत रंगे. इथे बाहेरचा अरुंद जिना चढून उमरावही येत, सामान्य नागरिकही. प्रारंभी प्रवेशमूल्य नव्हते. दाटीवाटीने बसलेल्या श्रोत्यांना एका व्हायोलिनने दुसऱ्याला दिलेले उत्तर हाताच्या अंतरावरून ऐकू येई.

३/ पुढे हँडेलही तिथे वाजवून गेल्याचे सांगतात. १७१४ मध्ये ब्रिटन निवर्तला. त्याच्या स्वरलिपींचा व वाद्यांचा संग्रह विकला गेला. मात्र रसिकतेला कूळ लागत नाही, हे ३६ वर्षांत लंडनने त्याच माळ्यावर बसून अनुभवले होते.