बाबा, काटा जरा बाजूला ठेवा

पुणे, रविवार

ती. बाबांस,


काल फोनवर तुम्ही सहा किलो उतरल्याची बातमी बोर्डाचा निकाल सांगावा तशी सांगितलीत आणि मी नुसतं ‘हं’ म्हटलं. त्याचा राग आला, हे आईकडून कळलं. फोनवर तुम्ही मध्येच तोडता, म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाचा, मग भांडा.

वजन उतरलं हे खरं. पण उतरलं काय? आई म्हणते, पट्टा अजून जुन्याच भोकात बसतो, मांड्या आणि दंड मात्र वाळलेत आणि पाटावरून उठताना तुम्ही जमिनीला हात टेकता. रात्रीचं जेवण सोडून नुसतं चालत राहिलं की हे असंच होतं. उपाशी राहून घटवलेल्या वजनात ढोबळमानाने पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऐवजाचा असतो आणि त्यात स्नायू येतो. साठीनंतर तो आपण होऊनही झिजत असतो, त्यात ही भर. आयर्विन पुलापर्यंतची फेरी हृदयाला चांगली आहे, ती मोडू नका. पण तिने दंड भरत नाहीत.

तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून हिशेबच मांडते. आईला विचारून तुमचं एका दिवसाचं ताट लिहून घेतलं. सकाळी बशीभर पोहे, त्यात प्रथिनं पाच ग्रॅम. दुपारी दोन पोळ्यांचे सहा, पातळ वरणाचे चार, भाजी-भात मिळून चार, ताकाचे दोन-तीन. चहातल्या दुधाचे दोन. रात्री पपई, म्हणजे शून्याला हात लावून परत. गोळाबेरीज पंचविशीच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं साधं प्रमाण आहे किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे तुमच्या आताच्या 68 किलोंना 56. निम्म्यालाही पोचत नाही तुम्ही. हे गरिबीमुळे नाही, आपल्या ताटाच्या घडणीमुळे आहे. पोळी-भाताचा डोंगर आणि वरण त्यावर शिंपडल्यासारखं. तुम्ही डोंगर कमी केलात ते बरं केलंत, पण शिंपडणं तेवढंच राहिलं.

यात आपल्या पुण्याची एक गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपली भारतीय ठेवण. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही ती दाखवून दिली. तुमची साखर काठावर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. जेवल्यानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर उचलतात ते स्नायू. ते घालवून काटा खाली आणलात तर साखरेच्या बाबतीत पदरात फारसं काही पडत नाही.

आता तुमचा प्रश्न: चरबी जाईल आणि स्नायूही भरेल, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात का? शेजारचा जिमवाला म्हणतो तसं चरबीचं रूपांतर स्नायूत होत नाही, ती दोन वेगळी द्रव्यं आहेत. पण कमी पडलेली ऊर्जा शरीर साठलेल्या चरबीतून काढतं आणि स्नायू बांधायला लागणारा माल ताटातून घेतं, हे एका वेळी चालू शकतं. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात 40 जाड्या तरुणांना चार आठवडे गरजेच्या 40 टक्के कमी खायला दिलं आणि आठवड्यातले सहा दिवस घाम काढला. हा प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना किलोमागे 2.4 ग्रॅम प्रथिनं दिली, त्यांची चरबी 4.8 किलोंनी उतरली आणि चरबीखेरीजचं वजन 1.2 किलोंनी वाढलं. दुसऱ्यांना 1.2 ग्रॅमच होती. त्यांची चरबी 3.5 किलो गेली आणि बाकीचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं. मला हा दुसरा गट जास्त बोलका वाटतो. एवढी उपासमार होऊनही त्यांचा स्नायू टिकला, कारण त्याला रोज कामाला जुंपला होता.

ते तरुण होते, म्हणाल. मग 1990 सालचं बॉस्टन घ्या. एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायूही 9 टक्क्यांनी भरला. तुम्ही अजून सत्तरीतही नाही.

तेव्हा व्यायाम आधी, ताट मग. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं. पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञ ती धोक्याची खूण धरतात. आईकडे घड्याळ देऊन मोजा आणि खरा आकडा कळवा. ते सोपं झालं की दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, मग पाच लिटरचे कॅन. भिंतीला हात टेकून जोर, पुढे टेबलाला. आठवड्यातून तीन दिवस पुरे, पण शेवटच्या दोन-तीन खेपा जड गेल्या पाहिजेत. हलक्या गेल्या तर तो नुसता खेळ.

ताटाचं लक्ष्य 80 ग्रॅमच्या आसपास धरू, म्हणजे किलोमागे 1.2. आणि ते एकाच जेवणात कोंबायचं नाही. उतारवयात स्नायू जरा बहिरा होतो. थोड्याथोडक्या प्रथिनांनी तो हलत नाही, दर जेवणाला वीस-पंचवीस ग्रॅम लागतात. सकाळी मूगडाळीची दोन धिरडी आणि वाटीभर चक्का, बिनसाखरेचा (तुमचं श्रीखंड नव्हे). दुपारी पोळ्या दोनच, पण उसळ मोठी वाटी भरून, किंवा मूठभर सोयाचे गोळे रश्शात. सोयाच्या कोरड्या गोळ्यांत शंभर ग्रॅमला 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, एवढी शाकाहारात दुसऱ्या कशात मला माहीत नाहीत. संध्याकाळी भडंगाऐवजी फुटाणे आणि पेलाभर दूध. रात्री भाकरी आणि पनीर. शंभर ग्रॅम पनीरात 18 ग्रॅम प्रथिनं, पण फॅटही तेवढंच, म्हणून 75 ग्रॅमवर थांबा. शेंगदाण्यांवर तुमचा फार विश्वास. प्रथिनं आहेत त्यात, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरीज, तेव्हा ते चटणीपुरते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. शनिवारची खिचडी सोडा असं म्हणायची माझी हिंमत नाही, सोबत वाटीभर दही घ्या. अंडी तुम्हाला चालतात आणि आईला चालत नाहीत, त्या भांडणात मी पडत नाही.

उपास मोडा म्हटलं म्हणून हात सैल सोडू नका. रोजच्या गरजेपेक्षा तीन-चारशे कॅलरीज कमी राहू द्या, त्या भात, साखर आणि तेलातून. वजन हळू उतरेल, एखाद्या महिन्यात हलणारही नाही. त्याऐवजी बेंबीपाशी टेप लावा. आपल्याकडे पुरुषांची मर्यादा 90 सेंटिमीटर धरतात.

पावडरीचं म्हणाल तर व्हे हे चीज करताना सुटणाऱ्या पाण्यातलं प्रथिन, वाळवलेलं. विष नाही आणि जादूही नाही. ताटातून 80 जमत असतील तर ते पैसे पनीरावर घाला. जमत नसतील तर दुधात एक चमचा चालेल. पण जिमवाला किलोमागे तीन ग्रॅम सांगतो ते त्याच्या डब्याच्या खपासाठी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतही आहे, की 1.6 च्या पुढे स्नायूला वाढीव फायदा होत नाही.

आई विचारेल, रोजची एवढी डाळ कोण शिजवणार. कुकर तुम्ही लावा. निवृत्त आहात.

तुमची,
बाळी

ता. क. यातलं काहीही सुरू करण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मूत्रपिंड ठीक असेल तरच हे सगळं. आकडा वाढलेला निघाला तर ताट डॉक्टरांना विचारून नव्याने मांडू.