गावठी गाण्यांची कुळकथा

गिरगाव, मुंबई
ता. १ फेब्रुवारी

चि. सौ. मृणालिनीस,


तुझे पत्र चि. अनिकेतने छापून आणून दिले आणि सोबतची चित्रफीत त्याच्याच मोबाइलवर दोनदा दाखवली. चौकटीच्या लोकरी कापडाचा पट्टा खांद्यावरून तिरका टाकलेली कु. सई दहाबारा मुलांच्या रांगेत उभी राहून भिंतीवरच्या तीन कावळ्यांचे गाणे म्हणते आहे, आणि तिसऱ्या कावळ्याला मुळी उडताच येत नाही हे सांगताना दोन्ही हात पंखांसारखे हलवून एकदम खाली सोडते आहे, हे पाहून तुझी काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चौथा कावळा तिथे नव्हताच, असे त्या गाण्याचे शेवटचे कडवे. असला बिनबुडाचा विनोद चार वर्षांच्या वयात जितका कळतो तितका पुढे जन्मात कळत नाही.

परंतु पत्राच्या शेवटी तू जी तक्रार केली आहेस तिच्यासाठी मी हे उत्तर सवडीने लिहायला बसलो आहे. बर्न्स कवीच्या जयंतीनिमित्त सईच्या एडिंबरोतल्या बालवाडीत आठवडाभर स्कॉटलंडची गाणी, वाद्ये आणि गोष्टी झाल्या, आणि तेव्हापासून सई बटाट्याला 'टॅटी', कावळ्याला 'क्रॉ', मुलाला 'बेअर्न' आणि मळभ दाटलेल्या दिवसाला 'ड्रीख' म्हणू लागली. इंग्रजी धड बसण्याआधीच तिच्या डोक्यात हे गावठी कशाला भरायचे, असे तू विचारतेस. तो 'गावठी' शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला.

तुला आठवते का, ठाण्याच्या तुझ्या इंग्रजी शाळेतून तू पहिल्याच महिन्यात 'वी विली विंकी' शिकून आली होतीस आणि येईल त्या पाहुण्यासमोर ते म्हणून दाखवीत होतीस? तुझ्या वडिलांना त्या इंग्रजीचा केवढा अभिमान! ते इंग्रजी नव्हतेच, बाई. ग्लासगो शहरात विल्यम मिलर नावाचा एक लाकूडकाम करणारा कारागीर होता. दिवसभर कातावर लाकूड फिरवायचे आणि उरलेल्या वेळात आपल्या घरच्या, म्हणजे स्कॉट्स बोलीत कविता रचायच्या, असा त्याचा क्रम होता. रात्रीच्या सदऱ्यानिशी गावभर धावत कोणती मुले अजून जागी आहेत याची चौकशी करणारा हा विली १८४१ मध्ये त्यानेच 'व्हिसल-बिंकी' या गीतसंग्रहमालेतून प्रथम छापला. मूळ गाणे बरेच लांब आहे, आणि काही केल्या न झोपणाऱ्या पोराने जेरीस आणलेल्या आईचे ते गाऱ्हाणे आहे. पुढे इंग्रजांनी त्यातले पहिले कडवे उचलले, त्याचे उच्चार धुऊनपुसून स्वच्छ केले आणि ते जगभरच्या शाळांतून रवाना केले. तेव्हा ज्या गाण्याने तुझ्या इंग्रजीचा श्रीगणेशा झाला, ते तुझ्या लेकीच्या गाण्यांइतकेच गावठी होते.

मिलर १८७२ मध्ये विपन्नावस्थेत वारला; लोकांनी वर्गणी काढून ग्लासगोच्या मोठ्या कबरस्तानात त्याचे स्मारक उभारले, पण देह मात्र दुसरीकडेच, बिननावाच्या जागेत पडला आहे. योगायोग असा की त्याच १८७२ साली स्कॉटलंडचा शिक्षणविषयक कायदा मंजूर झाला. पाच ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत घातलेच पाहिजे असा त्याचा हुकूम. ही गोष्ट निःसंशय मोठी. परंतु डोंगराळ मुलखात आणि बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गेलिक भाषेचा त्या कायद्यात नामोल्लेखही नव्हता, आणि सखल भागातल्या स्कॉट्स बोलीला तर भाषा मानण्यासच कोणी राजी नव्हते. वहिवाट अशी पडली की वर्गात घरची बोली तोंडातून निघाली की हातावर चामड्याचा पट्टा. हा शेपट्या फाडलेला पट्टा करण्यात फाइफ परगण्यातील लॉखगेली गावचे सराज इतके नावाजलेले होते की गावाचे नावच त्या पट्ट्याला पडले. आज सईच्या बालवाडीतल्या बाई जे शब्द टाळ्या वाजवून शिकवतात, त्याच शब्दांपायी त्यांच्या पणजीने कदाचित तळहात पुढे केला असेल.

हे मी पुस्तकातून वाचले हे खरे, पण ते समजायला मला पुस्तकाची जरुरी नव्हती. मालवणकडच्या आमच्या शाळेत तिसरीत असताना एकदा गुरुजींनी नदीचे नाव विचारले आणि मी उभा राहून प्रामाणिकपणे म्हणालो, "माका म्हायत नाय." नदीचे नाव न आल्याची शिक्षा झाली नाही; 'माका' म्हटल्याबद्दल मात्र घंटा होईपर्यंत बाकावर उभे राहावे लागले आणि वर्ग खिदळत राहिला. त्या संध्याकाळी घरी जेवताना मी आईकडे मुद्दाम 'मला' भात मागितला. तिने वाढता वाढता हात थांबवला आणि म्हणाली, "आता तू आमका शिकयतलंस?" पुढली साठ वर्षे मी शुद्ध मराठी बोललो, त्यातली तीस शिकवली, आणि आता मालवणीत दोन शब्द बोलावेत तर या चाळीत समजणारे कोणी उरले नाही.

असो. ज्याच्या जयंतीचा तो सोहळा होता त्या रॉबर्ट बर्न्सकडे वळू. २५ जानेवारी १७५९ रोजी अ‍ॅलोवे येथे एका गरीब कुळवाड्याच्या घरी तो जन्मला. त्याची खरी बालवाडी म्हणजे गाणी म्हणणारी आई आणि तिच्याकडे येऊन राहणारी बेटी डेव्हिडसन नावाची एक वृद्ध नातलग. भुतेखेते, चेटकिणी, पऱ्या आणि पाण्यातले 'केल्पी' नावाचे घोडे यांच्या असंख्य कथा त्या म्हातारीच्या संग्रही होत्या, आणि त्या ऐकून आपल्यात काव्याचे बीज पडले, पण अंधारात संशयास्पद जागी पाऊल टाकताना आपण अजूनही दचकतो, असे बर्न्सने मोठेपणी स्वतःच लिहून ठेवले आहे. पाठीवर बसू पाहणाऱ्या पोराला घेऊन डोहात बुडी मारणारा हा केल्पी म्हणजे आपल्या विहिरीवरच्या साती आसराच समज. दोघांचेही प्रयोजन मुलांनी पाण्याकडे एकटे जाऊ नये एवढेच.

पुढे हाच बर्न्स अबकारी खात्यात अंमलदार झाला. घोड्यावरून गावोगावच्या दारूच्या पिंपांची मोजदाद करीत हिंडायचे, आणि जिथे कोणी जुने गाणे म्हणेल तिथे ते टिपून घ्यायचे. एडिंबरोच्या जेम्स जॉन्सनने १७८७ ते १८०३ या काळात सहा खंडांत जी सुमारे सहाशे गाणी प्रसिद्ध केली, त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश बर्न्सने रचलेली किंवा दुरुस्त करून दिलेली आहेत, आणि या कामाचा एक पैसाही त्याने घेतला नाही. वर्षाच्या अखेरीस अर्धे जग हातात हात घालून जे 'ऑल्ड लँग साइन' गाते, ते आपण एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतले असे त्याचे म्हणणे. त्यात स्वतःची भर त्याने किती घातली याची चर्चा पंडित करोत.

मात्र सईने म्हटलेल्या दुसऱ्या गाण्याने मला अधिक मोहून टाकले. आईच्या मांडीवर बसून गोळ्यांसाठी पैसा मागत रडणाऱ्या बाळाचे ते गाणे. आता सारे स्कॉटलंड त्यावर मुले निजवते. ती मुळात जाहिरात होती! गॅलाशील्स गावचा रॉबर्ट कोल्टार्ट नावाचा विणकर मेलरोज येथे बडीशेपेच्या वासाच्या गोळ्या करून सरहद्दीच्या गावांतल्या जत्रांतून विकीत असे, आणि गिऱ्हाईक जमावे म्हणून हे गाणे त्याने स्वतः जुळवले. बाळ ज्या 'बॉबी'साठी रडते ते एक जुने नाणे, इंग्रजी अर्ध्या पेनीच्या किमतीचे. आपला ढब्बू पैसाच म्हणेनास. गोळ्यांची कृती आता कोणालाच ठाऊक नाही, लोकांच्या तोंडी कोल्टार्टचा 'कोल्टर' झाला, पण गाणे राहिले. दुकानदाराची आरोळी आईच्या अंगाईपर्यंत पोचल्याचे असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

ही गाणी टिकली ती विद्वत्सभांच्या ठरावांमुळे नव्हे. ती टिकली आयांमुळे, विणकरांमुळे आणि रस्त्यावर दोरीवरून उड्या मारणाऱ्या पोरींमुळे. १९५१ मध्ये तुमच्या एडिंबरोतल्याच नॉर्टन पार्क शाळेच्या शिक्षकांनी अशा पोरींच्या गाण्यांचा 'द सिंगिंग स्ट्रीट' नावाचा एक लहानसा बोलपट काढला. त्यांतले जेम्स रिची पुढे त्याच नावाचे पुस्तकही लिहून गेले. मुलांच्या हातावर पट्टा चालत होता त्याच काळात एखाद्या मास्तराने वही घेऊन पटांगणात जावे, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच वर्षी एडिंबरो विद्यापीठात लोकगीते आणि लोककथा जमवण्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली, आणि तिथल्या हॅमिश हेंडरसनसारख्या संग्राहकांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन भटक्या जमातींचे तंबूसुद्धा पालथे घातले.

त्या चौकटीच्या कापडाविषयी माझे मत मात्र तितके उदार नाही. १७४५ च्या बंडानंतर डोंगरी पोशाखावर सरकारने बंदी घातली होती आणि ती १७८२ पर्यंत टिकली, हे खरे. परंतु प्रत्येक घराण्याची ठरावीक चौकट ही जी पुराणी परंपरा म्हणून सांगतात, ती बव्हंशी १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने मांडलेल्या थाटामाटानंतरची आहे. सईला पट्टा शोभून दिसतो, एवढे पुरे.

तेव्हा बोलीचे म्हणशील तर, २०११ च्या खानेसुमारीत स्कॉट्स बोलीविषयी प्रथमच प्रश्न विचारला गेला आणि सुमारे १५ लाख लोकांनी ती आपण बोलतो असे सांगितले. आणि २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिक व स्कॉट्स या दोन्ही भाषांना कायद्याने अधिकृत दर्जा दिला. आता तुझा 'गावठी' शब्द तिथल्या सरकारी दफ्तरातही टिकणार नाही. शिवाय 'लॉख' म्हणताना जो घशातला उच्चार करावा लागतो तो अस्सल इंग्रजाच्या जिभेला साधत नाही, तो 'लॉक' म्हणून मोकळा होतो. खण, खडू, खिडकी म्हणत वाढलेली आपली पोर त्याच्या पुष्कळ जवळ जाते. तिला सुधारू नकोस. 'टॅटी' म्हणाली तर 'टॅटी' म्हणू दे, आणि घरात 'बटाटा' तू म्हण. मुलांच्या डोक्यात तिन्ही भाषांना पुरेशी जागा असते.

एक विनंती. माझ्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन हे १८०४ मध्ये लॉडर या गावी जन्मले, आणि लॉडर हे त्या गोळीवाल्या कोल्टार्टच्या गॅलाशील्सपासून फार दूर नाही. १८२९ मध्ये मुंबईस आल्यावर ते आणि त्यांची पत्नी मार्गारेट मराठी शिकले, आणि त्या बाईंनी इथल्या मुलींसाठी शाळा काढल्या. पोरांना त्यांच्या बोलीत शिकवावे हे त्या दांपत्याला परमुलखात येऊन उमगले होते. थंडी ओसरली की सईला घेऊन त्या बाजूला एकदा जाऊन ये. गॅलाशील्समध्ये कोल्टार्टचा पुतळा आहे, त्याच्यापाशी तिला ते गाणे म्हणायला सांग आणि तिच्या हातावर आपल्या डब्यातली चिमूटभर बडीशेप ठेव. लॉडरला रेल्वे जात नाही. पण गॅलाशील्सची गाडी तुमच्या वेव्हर्ली स्थानकातून सुटते आणि तासाभराच्या आत पोचते.

तुझा,
नानाकाका