बढती आणि बर्फ

आमच्या बँकेत बढतीचा एक साधा नियम आहे. माणूस जसजसा वर चढतो, तसतसा तो नोटांपासून लांब जातो. क्लार्क नोटा मोजतो, ऑफिसर मोजलेल्यांवर सही करतो, आणि त्याच्या वरच्या साहेबांना नोटा फक्त आकड्यांत भेटतात. ही गंमत फक्त आमच्याकडेच चालते, अशी माझी समजूत होती. ती मेहुण्याने खोडून काढली.

मेहुणा तटरक्षक दलात आहे. लागला तेव्हा साधा 'नाविक' होता. संशयित ट्रॉलर दिसला की रबरी होडीतून जवळ जायचं, लाट साधून त्याच्यावर उडी घ्यायची आणि मासळीच्या खणात, बर्फात कोपरापर्यंत हात घालून चाचपायचं, की खाली मासळीच आहे की आणखी काही! सुट्टीवर आला की आमचं मांजर त्याचा हात सोडत नसे.

मग 'उत्तम नाविक' झाला, 'प्रधान नाविक' झाला. बर्फात हात घालायला दुसरी पोरं आली. हा बोटीचे कागद पाहू लागला, खलाशांची डोकी मोजू लागला. आता तो 'अधिकारी' आहे. जहाजावर उभा राहून पोरांना होडीत धाडतो. त्याचे कमांडंट वरून दुर्बीण लावतात. आणि दलाचं मुख्यालय तर दिल्लीला, जिथे समुद्रच नाही!

"मजा आहे बुवा तुझी," मी म्हटलं. "हात कोरडे!"

तो हसला नाही. "दाजी, उडी मी मारायचो तेव्हा भीती एकट्याची असायची. आता पोरगा उडी मारतो, आणि मी इथे कठडा आवळून उभा. परवा एकाचा पाय घसरला. वाचला तो. पण जा म्हणून मीच सांगितलं होतं ना?"

मी गप्प बसलो. बढती मी तीनदा नाकारली आहे. 'बदली नको, मुलांच्या शाळा आहेत,' हे जगाला सांगायचं कारण. खरं कारण वेगळंच. माझी कॅश कमी भरली तर माझा खिसा हलका होतो, विषय संपला. पण सही करायची म्हणजे दुसऱ्याच्या मोजणीवर आपली झोप टांगायची.

यंदा फॉर्म आला, तो भरला. सही करताना डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली होती, हे सौभाग्यवतींनी बरोबर टिपलं.

"पडताय की काय?"

"नाही," म्हटलं, "चढतोय."