राजूरचा तो अर्धा तास

प्रवासाला निघतांना मनुष्य जें पाहावयाचें ठरवितो, तें पाहून होतेंच. परंतु पुढें वर्षानुवर्षें जें आठवत राहतें, तें बहुधा त्याच्या यादींत नसतें. 1996 सालच्या दिवाळींत आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्याचें धरण पाहावयास निघालों, तेव्हां आमच्या यादींत राजूर हें गांव केवळ पेढ्यांपुरतें होतें.

आमचें घर श्रीरामपूरच्या बाजूचें, म्हणजे प्रवरेच्या पाटावर वाढलेलें. त्या पाटाच्या पाण्यावर आमच्याकडील ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, घरोघरचीं मुलें शिकलीं. आणि तें पाणी येतें भंडारदऱ्याहून. धरणाचें काम 1910 सालीं सुरू झालें व 10 डिसेंबर 1926 रोजीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें, हा इतिहास आमचे दादा आम्हांला वारंवार ऐकवीत. दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. ज्या पाण्यावर आपण वाढलों त्याचें मूळ एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. ते, आत्याबाई, आम्ही उभयतां व दोन मुलें असा तांडा भाड्याच्या जीपमधून निघाला.

संगमनेर मागें पडलें, अकोलें गेलें, आणि उसाचे मळे संपून डांगाणाचा डोंगराळ मुलूख लागला. भाताचीं खाचरें पिवळीं झालीं होतीं. ठिकठिकाणीं कापणी चालली होती. मुसळधार पावसांतहि टिकाव धरणारीं डांगी जनावरें बांधांवर चरत होतीं. राजूर हें या मुलुखाचें बाजाराचें गांव. पेढे बांधून घेतांना दुकानदार सहज म्हणाला, "आज साहेब गांवांत आहेत."

साहेब म्हणजे मधुकरराव पिचड. राजूर हें त्यांचें गांव. पंचायत समितीच्या सभापतिपदापासून आरंभ करून 1980 पासून ते अकोल्याहून सतत विधानसभेवर निवडून येत होते. आदिवासी विकास खात्याचे मंत्री होऊन गेले होते, आणि त्या वेळीं विरोधी पक्षनेते होते. आमच्या बाजूला मात्र त्यांचें नांव निराळ्या सुरांत निघे. धरणाच्या पाण्यांत अकोले तालुक्याला त्याचा हिस्सा मिळालाच पाहिजे, अशी त्या तालुक्याची जुनी मागणी. पाटाची पाळी लांबली, विहिरीचें पाणी हटलें, कीं त्या मागणीची आठवण आमच्याकडे निघावयाची, आणि ती कांहीं प्रेमानें नव्हे. दादा म्हणाले, "आयते आलोंच आहोंत, तर समोरासमोर विचारूं." आत्याबाईंना एवढा मोठा पुढारी जवळून पाहावयाचा होता. आम्ही गेलों.

घरापुढें पन्नासएक माणसें बसलीं होतीं. कोणाच्या हातीं अर्ज, कोणाच्या कडेवर मूल. आत्याबाईंना बसावयास जागा मिळाली ती एका म्हाताऱ्या आदिवासी बाईच्या शेजारीं. तिनें आपण होऊन विचारलें, "कुनीकडल्या तुमी?" आत्याबाईंनीं गांव सांगितलें.

"म्हंजी आमचं पानी जातं, तिथल्या!" म्हातारीच्या तोंडावर ओळख पटल्याचा आनंद दिसला. त्यांत रागाचा लवलेश नव्हता. मग तिनें आपल्या अर्जाचें कारण सांगितलें. चैत्रांत त्यांच्या वाडीच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. सुना आंत उतरतात आणि झऱ्यापाशीं बसून वाटीवाटीनें हंडा भरतात. "येका हंड्याला घटकाभर लागती, बाय." आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. दादा पाठीमागेंच उभे होते. त्यांनींहि तें ऐकलें.

इतक्यांत साहेब बाहेर आले. आम्ही परगांवचे, पांढरपेशे. कोणीतरी आम्हांला पुढें करूं लागलें. त्यांनीं आमच्याकडे पाहून नमस्कार केला, पण हातानेंच थांबावयास सुचवून आधीं त्या म्हातारीचा अर्ज घेतला. तिचें लांबलचक बोलणें मधें न तोडतां ऐकून घेतलें, आणि शेजारच्या मनुष्याला कांहीं टिपून घ्यावयास सांगितलें. नंतर आमच्याकडे वळून, कोठून आलों, कोठें निघालों, ही चौकशी केली.

आतां दादा प्रश्न विचारणार, म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिलें. दादा म्हणाले, "श्रीरामपूरहून आलों. धरण पाहावयास निघालों आहोंत." त्यापुढें ते बोललेच नाहींत. सारा प्रसंग अर्ध्या तासाचा. त्यांतील आमच्या वाट्याचीं दोन मिनिटें.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही धरणावर पोहोंचलों. 270 फूट उंचीची ती दगडी भिंत, तिच्यामागें पसरलेलें पाणी, पलीकडे रतनगडाच्या रांगा. मुलें हर्षभरित झालीं. माझ्या पत्नीनें हळूच विचारलें, "दादा, तुमचा प्रश्न राहिला ना?" दादा पाण्याकडे पाहत म्हणाले, "विचारावयाचा कोणत्या तोंडानें? त्या बाईच्या डोळ्यांपुढें हें पाणी भरतें, आणि माझ्या दारांत येऊन पोहोंचतें."

दादांचीं मतें एका दिवसांत पालटलीं, असें मात्र मी म्हणणार नाहीं. पिचडांच्या राजकारणाविषयीं आमच्या घरांत कधींच एकमत झालें नाहीं. 1999 सालीं ते राष्ट्रवादी काँग्रेसमध्यें आणि 2019 सालीं भारतीय जनता पक्षांत गेले, तेव्हां तर जेवणाच्या पंक्तींत कडाक्याचे वाद झाले. पण अकोल्याच्या पाण्याविषयीं वांकडा शब्द दादांच्या तोंडून पुन्हा आम्हीं ऐकला नाहीं. भंडारदऱ्याच्या खालीं निळवंडें धरण झालें, 26 ऑक्टोबर 2023 रोजीं त्याच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण झालें. तें पाहावयास दादा राहिले नव्हते. 6 डिसेंबर 2024 रोजीं नाशिक येथें पिचड निवर्तल्याचें वृत्त आलें, त्या रात्रीं आमच्या घरांत त्यांच्या मंत्रिपदांची किंवा पक्षांतरांची चर्चा झाली नाहीं. निघाली ती आठवण राजूरच्या त्या दाराची, आणि आमच्या आधीं ऐकून घेतलेल्या त्या म्हातारीची.

आत्याबाईंनीं तर त्या प्रवासाची खूण घरांतच रुजविली. उन्हाळ्यांत पाटाची पाळी लांबली आणि कोणी कुरकुर करूं लागलें, कीं त्या शांतपणें विचारीत, "वाटीनें भरावयाची वेळ आली आहे का?" त्या गेल्या, पण हा प्रश्न आमच्या सुना-नातवंडांच्या तोंडीं अजून आहे. राजूर न पाहिलेलीं मुलेंसुद्धां तो विचारतात, आणि नळ बंद करतात.