मोरजीचे पांढरे पाहुणे

दिवाळीच्या आगेमागे मोरजीला, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्टीवर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. हे कुरव. रापण ओढणाऱ्यांना त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. जाळे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच ते हजर असतात. पुस्तकातले नाव मात्र चमत्कारिक : तपकिरी डोक्याचा कुरव.

शाळेची मुले तिथे नेली तेव्हा एकाने लगेच विचारले, "सर, डोके तर पांढरे आहे!" प्रश्न रास्तच होता. तपकिरी टोपी ही विणीच्या हंगामातली. आपल्याकडे येईपर्यंत ती जाऊन कानामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. मार्च-एप्रिलात पुन्हा रंग चढू लागतो आणि स्वारी निघून जाते. ज्या डोक्यावरून नाव पडले, ते पुरते पाहायचे भाग्य लडाखवासीयांचे! लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी त्याची वीण होते. आपण मात्र त्याला समुद्राचाच पक्षी समजून बसलो आहोत. १८४० साली त्याला शास्त्रीय नाव देणारा जेर्डन हा मद्रासच्या सैन्यातला डॉक्टर.

त्याच थव्यात थोडा लहान, तीनेकशे ग्रॅम वजनाचा काळ्या डोक्याचा कुरवही असतो. तो येतो युरोप-आशियाच्या उत्तर भागातून. त्याचे डोके विणीच्या काळातही काळे नसतेच, गडद चॉकलेटी असते. नावे ठेवणाऱ्यांपुढे कोण बोलणार? दोघांना ओळखायचे तर डोळा पाहावा. प्रौढ तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिकट, दुसऱ्याचा गडद.

भरती चढली की पट्टी आखडते आणि उरलेल्या वाळूवर थवा दाटीने विसावतो. नेमके तिथेच कोणी कुत्रा मोकळा सोडतो, कोणी फोटोसाठी धावत जातो. थवा उडतो, बसतो, पुन्हा उडतो. परतीच्या प्रवासाची चरबी इथल्या मासळीवर साठवायची. ती अशी फुकट जाते. मोरजीला कासवाच्या अंड्यांना कुंपण असते, राखण असते. कुरवाचे इथे अंडे नाही, घरटे नाही. राखायची ती रिकामी वाळू, तीही भरतीचे दोन-तीन तास. शंभरेक पावले अलीकडे थांबून दुर्बिणीतून पाहिले, तर पक्षी बहुधा बसून राहतात आणि डोळ्याचा रंगसुद्धा दिसतो.